उघडं बी

दसरा उरकला की आमच्या यवतमाळात एक दुटप्पी हवा सुटते. दुपारी पंखा बंद करवत नाही आणि पहाटे पायाशी पडलेली चादर शोधावी लागते. या आठ-दहा दिवसांतच मी कुत्राफुलाचं बी टाकते. यंदा घरचं बी उंदरांनी फस्त केलं, म्हणून भाचीनं दुकानातून पाकीट आणून दिलं. चकचकीत, रंगीत, वर फुलांचा फोटो. चष्मा लावून मागची बाजू वाचली. बारीक अक्षरांत, चांगल्या मराठीत छापलं होतं की बियाणे मातीने झाकू नये.

चार शब्द. कुणीही वाचावेत असे उघड छापलेले. पाकीट हातात घेऊन मी ओट्यावर बराच वेळ बसून राहिले. भाचीला वाटलं, भलतंच बी आणलं की काय.

कुत्राफूल हा माझ्या वडिलांचा शब्द. नर्सरीवाले त्याला डॉग फ्लॉवर म्हणतात, शहाणी माणसं स्नॅपड्रॅगन म्हणतात, आणि मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे तेव्हा फळ्यावर त्याचं लांबलचक शास्त्रीय नाव लिहून मुलांना घाबरवायचे. फुलाचे दोन्ही गाल बोटांत धरून हलकेच दाबले की ते जबडा उघडतं, सोडलं की मिटतं. वडील कचेरीतून आले की सायकल भिंतीला लावायचे आणि हातपाय धुण्याआधी एका फुलाचं तोंड उघडून बघायचे. आमच्या घरात तीन पिढ्यांत कुणी वखर धरलेला नाही. माती म्हणजे कुंडीतली, तीही पिठाच्या चाळणीनं चाळलेली. त्या चाळणीवरून आईनं वडिलांना जन्मभर बोल लावले आणि पुढे सासूबाईंनी मला.

बी एवढं बारीक असतं की शिंक आली तर सगळा हंगाम उडून जावा. पसरट कुंडीत चाळलेली माती, पालापाचोळ्याचं खत आणि नदीची वाळू कालवायची. कुंडी पाण्यानं भरलेल्या परातीत ठेवायची, म्हणजे माती खालून ओल ओढून घेते. मग चिमूटभर बी चिमूटभर कोरड्या वाळूत मिसळून वर भुरभुरायचं आणि हात आवरायचा. आवरायचा म्हणजे खरंच आवरायचा, कारण बी टाकलं की हात आपोआप माती ओढायला जातो. याला माती चालत नाही. याला उजेड लागतो. वर जुन्या फोटोफ्रेमची काच ठेवायची आणि दहा-बारा दिवस कुंडीशी बोलायचंसुद्धा नाही. एका सकाळी मातीवर हिरवी बुरशी धरल्यासारखी दिसते. नीट वाकून पाहिलं तर त्या बुरशीला दोन-दोन पानं असतात.

हे सगळं मला वयाच्या दहाव्या वर्षापासून ठाऊक होतं. पुढे मी हेच पगार घेऊन शिकवलं. काही बियांना रुजायला प्रकाश लागतो, लिहून घ्या, परीक्षेत येतं. एवढं सगळ्यांना सांगितलं, आणि जिनं विचारलं होतं तिला सांगितलं नाही.

ती कापसाची वाईट वर्षं होती. गावात राहणाऱ्या आम्हा पगारी माणसांना ती लांबूनच दिसायची. जिनिंगच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्या दिवसदिवस उभ्या असायच्या. बाभळीच्या काट्यांना बोंडांचा पांढरा पिंजा लटकलेला असायचा, तो उडत उडत माझ्या वाफ्यांतही येऊन अडकायचा आणि मी तो कुरकुरत वेचून टाकायची. वर्गात खेड्यांवरून येणाऱ्या मुलांची बाकं मधूनच रिकामी व्हायची. सकाळी पेपर उघडायच्या आधी आम्ही चहा पिऊन घ्यायचो. आणि बोगस हा शब्द तर घराघरांत शिरला होता. बियाणं बोगस, फवारणीचं औषध बोगस, मग हळूहळू दूध बोगस, वीज बोगस, नवा जावईसुद्धा बोगस. आम्ही हसून म्हणायचो. ज्यांच्या वावरात बी उगवलं नव्हतं, ते हसून म्हणत नसत.

त्या वर्षांत दर रविवारी सकाळी आर्णीकडून येणाऱ्या एस.टी.नं सकरीबाई यायची. पन्नाशीची, उंच, काटक. अंगावर आरशांची ओढणी, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, डोक्यावर टोपली. टोपलीत ऋतूप्रमाणे सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, हरभऱ्याची भाजी, तुरीच्या शेंगा, बोरं. आर्णीच्या अलीकडे रस्त्यापासून आत तिचा तांडा होता. आमच्या कॉलनीतली घरं करत करत ती माझ्या पायरीवर येऊन टेकायची, कारण माझ्याकडे चहात आलं असायचं. समोरच्या काकूंच्या चहात नसायचं, हे ती मला सांगायची, आणि माझ्या चहात साखर कमी असते हे काकूंना. अशी ती सगळ्या घरांची बातमी सगळ्या घरांत पोचवायची. मला त्याची मौज वाटायची. पुढे त्याचीच भीती वाटली.

तिच्या तांड्यात एक रीत होती. जूनमध्ये कुणाच्याही वावरात सरकी टोबायची, म्हणजे बोटानं खड्डा करून कापसाचं बी लावायचं, तर पहिल्या ओळीतली पहिली मूठ सकरीबाईच्या हातची पडायची. घरोघरचे लोक तिला बोलवायला यायचे. ती ओटीत सरकी घेऊन पाच ठिकाणी बोट खुपसायची, बी टाकायची, माती ओढायची, तळव्यानं थोपटायची. मग बाकीच्या बाया ओळी धरायच्या. त्याबद्दल तिला गुळाचा खडा आणि खोबऱ्याचा तुकडा मिळायचा.

"माह्या सासूचा हात होता असा," ती मला म्हणाली होती. "थे गेली तं लोक म्हणाले, आता तू टाक. वीस वरसं झाले. पहिली मूठ माह्याच हातची." आणि तिनं आपले दोन्ही तळवे माझ्यासमोर पालथे-उलथे करून दाखवले होते. काळपट, भेगाळलेले, बोटांची पेरं जाड. दागिना दाखवावा तसे तिनं ते दाखवले, हे मला अजून आठवतं.

जानेवारीत माझा वाफा ऐन भरात असायचा. पिवळी, गुलाबी, एक गडद लाल रांग. एका रविवारी सकरीबाई पायरीवरून उठून वाफ्याशी गेली आणि मी दाखवल्याप्रमाणे तिनं एका गुलाबी फुलाचे गाल दाबले. जबडा उघडला. ती चरकली, मग हसली. मग फूल माझ्याकडे वळवून, त्याचं तोंड उघडत-मिटत, बारीक आवाजात म्हणाली, "राम राम बाई. चाहात साखर टाका न वो."

मी हसून हसून खालीच बसले. ती पुढे कितीतरी वेळ फुलांना बोलायला लावत होती. पिवळं फूल सुनेसारखं, लाल फूल तांड्याच्या नाईकासारखं. जाताना म्हणाली, "मले द्या याचं बी. माह्या दारात लावतो. पोट्टे पाहतीन तं येडे होतीन."

"दसऱ्यानंतर देईन," मी म्हटलं. "आत्ता लावून येत नाही."

आता तो कप. ज्या बक्षिसासाठी मी गप्प राहिले ते सांगायलाच हवं. आमच्याकडे दर जानेवारीत फुलांचं प्रदर्शन भरायचं. मांडव, टेबलांवर पांढऱ्या चादरी, कुंड्यांना चिकटवलेल्या चिठ्ठ्या. हंगामी फुलांच्या गटात कुत्राफुलाचा कप सलग तीन वर्षं मला मिळाला होता. पत्र्यावर पिवळा मुलामा दिलेला, दोन कानांचा, वीतभर उंच. समोरच्या काकू दरवर्षी त्याच गटात उतरायच्या आणि दरवर्षी त्यांचं बी उगवायचंच नाही, तयार रोपं आणावी लागायची, ती खुरटी निघायची. का उगवत नाही हे मला चांगलं ठाऊक होतं. काकू वरून छान अर्धा इंच माती पसरायच्या, मी माझ्या खिडकीतून पाहायची. त्या विचारायच्या तेव्हा मी म्हणायची, "काय की हो काकू, माझं आपलं येतं." आमच्या कॉलनीत बागा करणाऱ्या सगळ्याच बाया अशा होत्या. बी मागितलं की पुडी भरभरून द्यायच्या, चारचौघींत द्यायच्या, आणि त्यातली एक गोष्ट पोटात ठेवायच्या. कुणी खताचं ठेवायची, कुणी पाण्याचं. त्याला कुणी खोटं म्हणत नसे.

दसऱ्यानंतरच्या पहिल्याच रविवारी सकरीबाईनं पायरीवर टोपली उतरवली आणि आधी बीच मागितलं. त्या वर्षी ती जरा वाळलेली दिसत होती. बोलता बोलता म्हणाली, "औंदा दोनदा टोबलं बाई. पाणी आलं न् महिनाभर गेलंच." मी हं म्हटलं. त्या दिवसांत असं सगळेच म्हणत होते. मी वहीच्या कागदाच्या पुडीत बी बांधून दिलं. तिनं पुडी उघडून पाहिली, बोटाच्या टोकाला बी लावून उजेडात धरलं.

"लयच बारीक हाय. कसं लावाचं याले? सरकीवानीच न?"

फाटकाशी समोरच्या काकू उभ्या होत्या. सांबाराची जुडी घ्यायला आल्या होत्या. मी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं तर माझा कप गेला, आणि त्या आज नसत्या तरी सकरीबाई इथून उठून चहाला त्यांच्याचकडे जाणार होती. मी गोड हसले. म्हटलं, "तुम्हाला मी काय शिकवणार, सकरीबाई? वीस वर्षं पहिली मूठ टाकता. तुमचा हातच चांगला."

ती लाजली. खरंच लाजली, ओढणी तोंडाशी धरून. पुडी कमरेला खोचली आणि गेली. मला तेव्हा वाटलं, किती सुरेख निभावून नेलं. कुणाला नाही म्हटलं नाही, कुणाशी खोटं बोलले नाही, उलट एका गरीब बाईचा मान ठेवला. आपण आपल्यालाच किती लवकर शाबासकी देतो, याचं आता नवल वाटतं.

तिनं ते बी कसं लावलं, ते मला तिनंच सांगितलं, महिन्याभरानं. दाराशी हातभर लांबीचा वाफा केला. ढेकळं फोडून माती मऊ केली, शेणखत कुस्करून घातलं. तीन-तीन बोटांवर खुणा केल्या. प्रत्येक ठिकाणी बोटाच्या एका पेराइतका खड्डा, त्यात चिमूट, वर माती, वर तळवा. कोंबड्यांनी उकरू नये म्हणून चारही बाजूंनी बाभळीचे काटे लावले. रोज सकाळी ओंजळीनं पाणी शिंपडलं. ती एकेक पायरी सांगत होती आणि मी मनात त्या बियांवर एकेक थर चढताना पाहत होते. जितकी माया जास्त, तितकी माती जास्त.

"एक नाही निंगालं बाई," ती म्हणाली. "बी बोगस असन काय?"

तिथेसुद्धा मला सुटता आलं असतं. हो, बोगस असेल, म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्या वर्षांत बियाण्यावर दोष टाकायला कुणाची ना नव्हती. पण ते बी माझ्या वाफ्यातलं होतं, कप मिळवलेल्या झाडांचं. त्याला बोगस म्हणवून घेणं माझ्या जिवावर आलं. माझ्या कुंडीत त्याच बियाची रोपं हिरवीगार उभी होती, पायरीवरून दिसत होती. मी म्हटलं, "बी चांगलं आहे. हे बघा ना, माझं आलंय. असतं एकेक हाताहातावर, सकरीबाई."

तिनं माझ्या कुंडीकडे पाहिलं. मग मांडीवरच्या आपल्या हातांकडे. "हाव," म्हणाली. तिनं चहा पूर्ण प्यायला, कप विसळून पालथा ठेवला, टोपली उचलली. त्या दिवशी ती काकूंकडे गेली नाही, सरळ रस्त्याला लागली. हे मी पाहिलं आणि मला हायसं वाटलं, तेही लिहून ठेवते.

जानेवारीत चौथा कप आला. आधीच्या तीन कपांशेजारी मी तो कपाटात ठेवला.

सकरीबाई त्यानंतर थोडे रविवार आली. मग टोपली घेऊन तिची सून ललिता येऊ लागली. पाऊस लागल्यावर मी सहज विचारलं, तुझी सासू यंदा पेरण्यांत गुंतली असेल ना? ललिता सांबाराच्या काड्या निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नाई जी. याडीनं मूठ सोडली." याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई, सासूलाही ती तेच म्हणायची. "लोक बलावाले आलते. थे गेलीच नाही. म्हणे, माह्या हातात आता काही नाही राह्यलं. फुलाचं बी नाही आलं म्हणे, सरकी कायची येते?"

मी विळी घेऊन आत आले. भाजी चिरायला बसले. मला सगळं कळलं होतं आणि त्याच दुपारी आर्णीची एस.टी. पकडून सांगून येता आलं असतं. कॉलेजला सुट्टी होती. मी गेले नाही. पुढच्या रविवारी ललिताला सांगू म्हटलं, तेही नाही. इतक्या छोट्या गोष्टीसाठी इतकं मोठं तोंड उघडायचं म्हणजे आपण काय केलं ते कबूल करायचं. त्यानंतरच्या जानेवारीत मी प्रदर्शनात कुंडी नेली नाही, पाठ दुखते म्हणून सांगितलं. कप काकूंनाही मिळाला नाही. प्रायश्चित्त म्हणायला ते फारच स्वस्त होतं. वर्षभरात ललिताचं येणंही बंद झालं, आणि कॉलनीत भाजीचा हातगाडीवाला फिरू लागला.

कुत्राफुलाला बी धरलं की बोंड वाळतं आणि त्याला तीन भोकं पडतात, दोन वर, एक खाली. वडील मला ते तळहातावर ठेवून दाखवायचे, बघ, कवटीसारखं हाडकुळं तोंड. लहानपणी गंमत वाटायची. नंतरच्या वर्षांत मी बी झाडून घेतलं की बोंडं लगेच फेकून द्यायची.

मी तांड्यावर गेले ती निवृत्तीनंतर, एका फेब्रुवारीत. आर्णीला उतरून ऑटो केला. तांड्यात आता पक्की घरं होती, दारांत मोटरसायकली. तुरीच्या काड्यांचे भारे रचलेले. सकरीबाई दारासमोर बाजेवर बसली होती. पार वाकलेली, पण नजर शाबूत. तिनं मला लगेच ओळखलं. "आल्याच्या चाहावाल्या बाई," म्हणाली आणि ललिताला हाक मारून चहा टाकायला सांगितला. घरची, माणसांची विचारपूस झाली. दाराशी झेंडूचा वाफा होता. तो तोच हातभर वाफा असावा.

एस.टी.त मी पुष्कळ वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना. "सकरीबाई," मी म्हटलं, "त्या फुलाच्या बियावर माती टाकायची नसते. ते उघडंच ठेवायचं असतं. त्याला उजेड लागतो."

"उघडं?" तिला ते पटेना. "बी कोणी उघडं ठेवते काय?"

"या बियाचं तसंच आहे. तुमची काही चूक नव्हती. तुमच्या हाताची तर नव्हतीच."

ती झेंडूकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तुमाले तवाच मालूम होतं?"

"हो."

"मंग काहून नाही सांगतलं?"

मी कपाचं सांगितलं. प्रदर्शन, काकू, पिवळा मुलामा, सगळं. बोलताना माझ्याच कानांना ते इतकं पोरकट लागत होतं, की तिनं ओरडून मला हाकललं असतं तर बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मला समजावून सांगावं तशी बोलली.

"त्या सालात तीन घरी माह्या मुठीची सरकी गेली. लोक म्हणत, पाणी गेलं म्हून गेली. मीबी तसंच म्हणो. पाण्याले कोण काय करते? पन तुमच्या फुलाले तं मी रोज पाणी देलतं, बाई."

एवढंच. इतकी वर्षं मी समजत होते की मी एक सांगायची गोष्ट सांगितली नाही. तिच्यापाशी आभाळाला लावायला एक दोष होता, तो मी तिच्याकडून काढून घेतला होता, हे मला त्या बाजेवर बसल्यावर कळलं.

चहा आला. आल्याचा होता, साखर भरपूर. पिशवीतून मी बियाची पुडी काढली आणि तिच्यासमोर धरली. म्हटलं, दसऱ्यानंतर मातीच्या वर भुरभुरा फक्त, खात्रीनं येईल, तुमच्या हातानं येईल. तिनं पुडीकडे पाहिलं. हात मात्र ओढणीच्या खालीच राहू दिले.

"ललिताच्या हाती द्या," ती म्हणाली. "आता पहिली मूठ तिचीच असते."